ग्लोबल ३३ अजून उतरलेलं नाही

लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं एक बोइंग ७०७. ग्लोबल एअरलाइन्स नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या कंपनीचं, फ्लाइट नंबर ३३. अटलांटिक संपत आलाय, कॉकपिटमधली मंडळी आपापल्या कामात आणि थट्टामस्करीत, आणि मधेच कॅप्टन फार्व्हर म्हणतो की काहीतरी वेगळं जाणवतंय, वेग वाढलाय. बाकीच्यांना काहीच कळलेलं नसतं. आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला कसं नुसत्या आवाजावरून समजतं की गाडी आज घाटात काहीतरी नाटक करणार, तसं त्याला समजतं. मग हिशेब करून बघतात तर खरंच, विमान भलत्याच वेगाने पुढे सरकतंय, आणि तो आकडा वाढतच चाललाय, पण हादरा नाही, धक्का नाही, मागे लोक निवांत गप्पा मारत बसलेत. मग एकदम पांढरा लखलखाट, विमान गदागदा हलतं, आणि त्यानंतर रेडिओवर कोणीच नाही. एकेका स्टेशनला हाका मारतात, चॅनल बदलतात, पुन्हा हाका मारतात. शुकशुकाट.

'द ट्वायलाइट झोन' या मालिकेतला हा भाग, 'द ओडिसी ऑफ फ्लाइट ३३', अमेरिकेत सीबीएसवर २४ फेब्रुवारी १९६१ ला, शुक्रवारी रात्री दाखवला गेला. ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. लिहिलेला रॉड सर्लिंगनेच, तोच सुरुवातीला सूट घालून समोर येतो आणि गोष्ट सांगायला लागतो. मालिकेचे एकूण १५६ भाग, त्यातले ९२ या एका माणसाने लिहिलेत, आणि ते सगळे चांगले आहेत असं काही मी म्हणणार नाही, काही तर अक्षरशः भाषणं आहेत. पण हा भाग मी कितव्यांदा बघतेय ते मला सांगता येणार नाही. भांडी आवरताना लावते, मुलाला दाखवला, नवऱ्याला बळंच दाखवला, आणि दर वेळी एका ठराविक जागी माझ्या पोटात तोच खड्डा पडतो. ती जागा डायनोसॉरची नाही. त्यावर येतेच.

आधी कॉकपिट. या भागातलं कॉकपिटमधलं बोलणं इतकं खरं का वाटतं त्याला कारण आहे. रॉडचा मोठा भाऊ रॉबर्ट सर्लिंग हा विमान या विषयावर लिहिणारा पत्रकार, पुढे त्याने विमानांवर बरीच पुस्तकं आणि कादंबऱ्या लिहिल्या. रॉडने त्याची मदत घेतली, त्यामुळे उंची, दिशा, चॅनल, कोणाला कुठला रिपोर्ट द्यायचा हे सगळं जिथल्या तिथे आहे. आणि हीच खरी गंमत आहे. इतकी अशक्य गोष्ट पचवायची तर आजूबाजूचं सगळं कंटाळवाणेपणाने खरं पाहिजे. आजकालच्या टाइम ट्रॅव्हलच्या सिरीजमध्ये पहिल्या दहा मिनिटांत फळा येतो, फळ्यावर बाण येतात, एक शास्त्रज्ञ पेन्सिल कागदातून आरपार घालून दाखवतो. इथे तसं काही नाही. कोणी मशीन बनवलेलं नाही, कोणाला भूतकाळात जाऊन काही दुरुस्त करायचं नाही. ड्युटीवरची पाच माणसं आहेत आणि त्यांना विमान खाली उतरवायचंय, बस.

आता कारण काय तर वारा. जेट स्ट्रीम. मागून असा काही वारा लागला की विमान त्याच्यासोबत वाहत गेलं आणि काळाची भिंत ओलांडून पलीकडे. माझा मुलगा इथेच ओरडला होता, "अगं पण वारा उलटा आहे ना!" आणि बरोबर आहे त्याचं. अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना तो तोंडावर येतो, म्हणून तर जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. मुंबई-नेवार्क केलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही, जातानाचे ते शेवटचे तास गुडघ्यांना पाठ आहेत. ९ फेब्रुवारी २०२० ला युरोपात मोठं वादळ आलेलं असताना एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, जमिनीच्या हिशेबाने ताशी १३०० किलोमीटरच्या वर, ते या वाऱ्याच्या जोरावर. पण ते पूर्वेकडे. फार्व्हर साहेब चाललेत पश्चिमेकडे.

पण १९६१ मध्ये जेट स्ट्रीम म्हणजे काय अप्रूप असेल याचा विचार करा. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून सोडून हा वारा मोजून ठेवला होता, पण त्याने ते छापलं एस्पेरांतोमध्ये, जगातल्या सगळ्यांना समजावं म्हणून, आणि म्हणूनच कोणी वाचलं नाही. मग दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना हा वारा असा काही लागला की नेम धरता येईना. तेव्हा कुठे सगळ्यांनी त्याची दखल घेतली. अटलांटिक ओलांडणारी प्रवासी जेट विमानं तर ऑक्टोबर १९५८ मध्ये सुरू झाली, म्हणजे हा भाग दाखवला तेव्हा त्याला अडीच वर्षंही झाली नव्हती. बघणाऱ्या बहुतेकांनी जेटमध्ये कधी पाय ठेवलेला नसणार. जिथे साधा प्रवासी याआधी गेलाच नव्हता त्या उंचीवर, त्या वेगाने, पोटात कॉफी घेऊन लोक चाललेत. तिथे वर काय आहे कोणाला ठाऊक? आणि दीडच महिन्यात, १२ एप्रिलला, गागारिन त्याच्याही वर जाऊन आला.

तर कॅप्टन शेवटी निर्णय घेतो की ढगांच्या खाली जाऊन डोळ्यांनीच बघू. खाली येतात. मॅनहॅटनचं बेट दिसतं, नद्या जागच्या जागी. शहर नाही. एक बिल्डिंग नाही, पूल नाही, नुसतं रान. आणि मग त्या रानात पाला खात उभा असलेला ब्रॉन्टोसॉरस.

हा ब्रॉन्टोसॉरस बघून हसू येतं, येऊ द्यावं. काही सेकंदांचं, एक-एक फ्रेम हलवून केलेलं मॉडेलचं शूटिंग आहे. आणि चुकीबद्दल बोलायचंच तर ही चूक वाऱ्यापेक्षा मोठी आहे, कारण ब्रॉन्टोसॉरसचा काळ साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि मॅनहॅटनला आजचा आकार दिला तो हिमयुगातल्या बर्फाने, म्हणजे अगदी कालपरवा. शिवाय तेव्हा अटलांटिक महासागर नुकता कुठे उघडायला लागला होता, म्हणजे ज्या समुद्रावरून हे आले तोच जागेवर नव्हता. पण हे सगळं खरं असूनही मला तो सीन आवडतो, कारण कॉकपिटमधली माणसं ओरडत नाहीत. ती गप्प होतात. आणि मग कॅप्टन जे म्हणतो ते कुठलाही मेकॅनिक म्हणेल तेच, ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने परत जाऊ. पुन्हा वर चढा, वेग वाढवा, तोच वारा पकडा.

पकडतात. पुन्हा लखलखाट. पुन्हा खाली येतात, आणि या वेळी न्यूयॉर्क आहे! बिल्डिंगा आहेत, पूल आहेत, रेडिओवर उत्तरसुद्धा येतं. न्यूयॉर्कच्याच लाग्वार्डिया विमानतळाचा टॉवर बोलतोय. इथे बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि मग हळूहळू, एकेका वाक्यागणिक, पुन्हा बाहेर काढला जातो. टॉवरवाल्याला रडार म्हणजे काय ते कळत नाही. बोइंग ७०७ म्हटल्यावर तो विचारतो, हे काय असतं? जेट म्हटल्यावर त्याला वाटतं आपली चेष्टा चाललीये. जरा वैतागून तो सांगतो, बरं बरं उतरा, आणि खाली आल्यावर ऑफिसात येऊन भेटा. तोवर खिडकीतून कोणीतरी खाली बघतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक प्रचंड पांढरा गोळा आणि त्याच्या शेजारी आकाशात घुसणारी पांढरी सुई. ट्रायलॉन आणि पेरिस्फिअर. १९३९ चं वर्ल्ड्स फेअर, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये भरलेलं जागतिक प्रदर्शन.

हीच ती जागा. डायनोसॉरच्या वेळी पोटात खड्डा पडत नाही कारण तिथे कोणी ओळखीचं नाही, तिथे हरवणं म्हणजे सरळसरळ हरवणं. १९३९ मध्ये सगळं ओळखीचं आहे. भाषा तीच, शहर तेच, टॉवर "बोला" म्हणतोय, रनवे मोकळा करून देतोय. फक्त बावीस वर्षांचा फरक. पंधरा कोटी वर्षं चुकल्यावर माणूस पुन्हा प्रयत्न करतो, पण बावीस वर्षं चुकल्यावर काय करायचं? एवढं थोडक्यात चुकलंय की उतरून टाकावं असं वाटेल.

बावीस वर्षं किती थोडी असतात ते मला मुंबईला उतरताना हमखास जाणवतं. मी मनात खेळ खेळते, की विमान वळलं, खाली माहीमचा समुद्र दिसला, आणि त्यावर सी लिंकच नाही. २००९ च्या आधीची मुंबई. खाली सगळं आहे, लोकल आहेत, आमचं घर आहे, घरात आई-बाबा आहेत आणि त्यांचे गुडघे अजून चांगले आहेत, पण कंट्रोल टॉवर नवं टी-टू म्हटल्यावर विचारतो कसलं नवं टर्मिनल. मला सांगा, तुम्ही पायलटला परत वर जायला सांगाल?

सर्लिंगने १९३९ का निवडलं असेल? तो काहीही निवडू शकला असता, खाली जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याचे तंबू दाखवले असते तरी चाललं असतं. पण १९३९ मध्ये सर्लिंग स्वतः चौदा वर्षांचा होता, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन या गावात. चारच वर्षांनी शाळा संपता संपता तो पॅराट्रूपर म्हणून भरती झाला, फिलिपिन्समध्ये लढला, जखमी झाला, आणि तिथलं जे बघितलं ते आयुष्यभर त्याच्या झोपेत येत राहिलं. त्याला १९३९ म्हणजे हे सगळं घडायच्या आधीचं शेवटचं स्टेशन. ज्यांनी हा भाग १९६१ मध्ये घरी बसून बघितला त्यांच्यातले असंख्य लोक त्या फेअरला जाऊन आलेले होते, दोन सीझन मिळून साडेचार कोटींच्या आसपास लोक आले होते म्हणतात. त्यांना तो गोळा आणि ती सुई बघून वर्ष सांगावं लागलं नसणार.

आणि ते फेअर कसलं होतं? त्याचं ब्रीदच होतं, उद्याचं जग. ३० एप्रिल १९३९ ला उघडलं, फ्लशिंगमध्ये, जिथे त्याआधी राखेचे डोंगर होते, शहरातल्या शेगड्यांची राख आणून टाकायची जागा. तिथे सगळ्यात मोठी रांग लागायची जनरल मोटर्सच्या फ्युचरामा नावाच्या प्रदर्शनाला. नॉर्मन बेल गेडेस नावाच्या डिझायनरने ते केलं होतं. सरकत्या खुर्च्यांवर बसायचं आणि खाली पसरलेला भविष्यातल्या अमेरिकेचा भलामोठा मॉडेल-देश बघत बघत जायचं, जणू विमानातून दिसतोय तसा. आणि ते भविष्य कुठल्या सालचं तर १९६० चं! बाहेर पडताना एक बिल्ला मिळायचा, त्यावर लिहिलेलं, मी भविष्य पाहिलंय.

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. खाली लोक रांगा लावून खुर्च्यांवर बसून १९६० साल बघतायत, आणि त्यांच्या डोक्यावर ढगात खरंखुरं १९६१ घिरट्या घालतंय, चार जेट इंजिनांचं, आत माणसं भरलेलं, आणि त्याला खाली यायला जागा नाही. सर्लिंगने हे मुद्दाम केलं की त्याला आपोआप सुचलं, काही असो, भागात कोणी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मला वाटतं बोलले नाहीत तेच बरं झालं. आणखी एक. त्याच फेअरच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण टेलिव्हिजनवरून दाखवलं गेलं आणि अमेरिकेत नेमाने टीव्ही दाखवायला सुरुवात झाली ती तिथून. म्हणजे ज्या डब्यात लोक हा भाग बघत होते, त्या डब्याचं बारसंच तिथलं.

अजून संपलं नाही, या फेअरबद्दल मी बोलायला लागले की घरातले उठून जातात. तिथे एक टाइम कॅप्सूल पुरलेली आहे, वेस्टिंगहाउस कंपनीने १९३८ मध्येच पुरली, आणि ती उघडायची आहे इसवी सन ६९३९ मध्ये. त्यात आइन्स्टाइनचं पत्र आहे, पाच हजार वर्षांनंतरच्या माणसांना. आइन्स्टाइन त्या फेअरच्या उद्घाटनालाही हजर होता, कॉस्मिक रेजवर बोलायला. तो राहायचा प्रिन्स्टनला, म्हणजे न्यूयॉर्कपासून आपलं मुंबई-लोणावळा अंतर. मला दर वेळी वाटतं, अहो कॅप्टन, अख्ख्या जगात तुमची अडचण ज्याला जराशी तरी समजेल असा एकच माणूस आहे आणि तो खाली तासा-दीड तासावर बसलाय, उतरा की!

आणि चेकोस्लोव्हाकियाचा मंडप. मार्च १९३९ मध्ये हिटलरने तो देश गिळला आणि एप्रिलमध्ये फेअर उघडलं, तर देश गेला पण न्यूयॉर्कमधला मंडप उभा राहिला, जसा होता तसा. सप्टेंबरमध्ये पोलंड. पोलंडच्या मंडपासमोरचा त्यांच्या राजाचा पुतळा नंतर परत गेलाच नाही, तो आज सेंट्रल पार्कमध्ये घोड्यावर बसलाय. म्हणजे वरून बघणाऱ्यांना पुढे काय होणार ते सगळं ठाऊक आहे, खालच्यांना भविष्याचे बिल्ले वाटले जातायत. ती स्वच्छ पांढरी सुई आणि गोळासुद्धा फेअर संपल्यावर पाडले आणि त्यांचं पोलाद युद्धाच्या कामाला गेलं.

म्हणून उतरायचं की नाही हा प्रश्न साधा राहत नाही. जर्मनीने जगातलं पहिलं जेट विमान उडवलं ते २७ ऑगस्ट १९३९ ला, पोलंडवर हल्ला करायच्या पाच दिवस आधी. त्याच उन्हाळ्यात चार जेट इंजिनांचं विमान न्यूयॉर्कमध्ये उतरलं तर? इंजिनियर खोलून बघतील, प्रवाशांपैकी कोणीतरी पर्ल हार्बरची तारीख सांगेल, कोणाला तरी शेअर बाजार पाठ असेल. फार्व्हर यातलं काहीच बोलत नाही. तो उतरत नाही एवढंच, आणि मला त्याचा राग येतो आणि त्याच वेळी तो बरोबर वाटतो. त्याचं काम प्रवाशांना घरी पोहोचवणं, आणि घर म्हणजे नुसती जागा नाही, तारीखसुद्धा. तो माइकवर प्रवाशांना सगळं खरं सांगतो, फ्युएल कमी आहे तेही सांगतो, शांत राहा म्हणतो, प्रार्थना करा म्हणतो. आणि वर चढतो. भाग तिथेच संपतो, सर्लिंग येऊन सांगतो की कधी ढगांच्या वर विमान भरकटल्यासारखा आवाज आला तर खालून काहीतरी पेटवून खूण करा, ते ग्लोबल ३३ असेल.

माझे एक काका १९६० च्या दशकात शिकायला अमेरिकेत गेले आणि तिथलेच झाले. तीन-चार वर्षांनी पुण्याला यायचे. आले की पहिल्याच सकाळी म्हणायचे, जरा सायकलवर डेक्कनला जाऊन येतो. घरात सायकल नसायची, आणि रस्त्यावर सायकल चालवण्याइतकी जागा नसायची, पण कोणी त्यांना तसं तोंडावर सांगत नसे, आई म्हणायची, अहो भाऊजी आज ऊन आहे, रिक्षा मागवते. स्टेशनवर टांगा मिळेल का विचारायचे. कोणाला भेटायला जायचं तर न कळवता सरळ जाऊन उभे राहायचे, कारण त्यांच्या पुण्यात कोणाकडे फोन नव्हता. लोक त्यांच्याशी अगदी त्या टॉवरवाल्यासारखे बोलायचे, समजून घेत, थोडं वैतागून, या या, मग बघू. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. काकांना कधी रागावलेलं बघितलं नाही, फक्त संध्याकाळी गॅलरीत बसले की बराच वेळ खालची ट्रॅफिक बघत बसायचे आणि मग आत येऊन विचारायचे, परतीचं तिकीट कन्फर्म झालं का रे. ते विमान पुन्हा वर चढायचं.

मजा अशी की काकांच्या पिढीचा आणि या भागाचा रस्ता खरोखर एकच होता. मे १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागली. म्हणजे सर्लिंग ही गोष्ट लिहीत होता त्या दिवसांत त्याच आकाशातून, त्याच प्रकारच्या विमानातून, आपली माणसं स्वेटर घालून, डब्यात लाडू घेऊन त्याच इडलवाइल्ड विमानतळाकडे चालली होती. इडलवाइल्ड म्हणजे आताचं जेएफके, १९६३ मध्ये नाव बदललं. १९३९ मध्ये तिथे गोल्फचं मैदान होतं, म्हणून तर फार्व्हरला लाग्वार्डियाशी बोलावं लागतं.

एअर इंडियाच्या अशाच एका ७०७ ची गोष्ट मला हा भाग बघितला की आठवतेच. कांचनजंगा नावाचं विमान, २४ जानेवारी १९६६, मुंबईहून निघालेलं, जिनिव्हाला उतरायच्या आधी आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर आदळलं. ११७ माणसं होती, त्यात होमी भाभा. एक उपकरण बंद होतं, कंट्रोलरने तोंडी सांगितलेली जागा पायलटला वेगळी समजली, आणि शिखर मागे पडलं असं समजून विमान खाली आलं. यावर मी कल्पनेचे घोडे दौडवणार नाही, ती खरी माणसं होती. पण २०२० च्या जुलैमध्ये तिथली हिमनदी वितळली तेव्हा बर्फातून त्या विमानातली वर्तमानपत्रं बाहेर आली, ओली पण वाचता येण्यासारखी, आणि पहिल्या पानावर बातमी होती की इंदिरा गांधी देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार. चोपन्न वर्षं उशिरा आलेला पेपर. टाइम ट्रॅव्हलच्या कुठल्याही गोष्टीत हे लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

न्यू जर्सीत राहत असताना एका रविवारी मी मुद्दाम फ्लशिंगला गेले. बहाणा गणपतीच्या देवळाचा, तळघरातल्या कँटीनमधला डोसा हा दुसरा बहाणा, आणि खरा बेत फेअरची जागा बघायचा. सात नंबरच्या ट्रेनने उतरलं की पार्क. ट्रायलॉन, पेरिस्फिअर अर्थातच नाहीत. पेरिस्फिअरच्याच पायावर १९६४ च्या दुसऱ्या फेअरसाठी स्टीलचा मोठा पृथ्वीगोल उभा केलाय, युनिस्फिअर, बारा मजली उंच, खाली पोरं स्केटबोर्ड खेळत होती. पण शेजारच्या क्वीन्स म्युझियममध्ये, जी बिल्डिंग १९३९ पासून तशीच उभी आहे, अख्ख्या न्यूयॉर्क शहराचं मॉडेल आहे, सुमारे नऊ लाख छोट्या छोट्या बिल्डिंगांचं. ते आधी १९६४ साठी केलं, मग १९९२ पर्यंतचं केलं, मग अधूनमधून एखादी नवी बिल्डिंग. मी गेले तेव्हा त्या मॉडेलमध्ये ट्विन टॉवर्स अजून उभे होते. त्यामुळे ते शहर नक्की कुठल्या सालचं हे सांगता येत नाही, थोडं इकडचं थोडं तिकडचं. आणि त्या मॉडेलमधल्या लाग्वार्डियावरून तारेला बांधलेलं एक इवलंसं विमान उडतं, वर जातं, परत येतं, पुन्हा उडतं. शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते की बघ हे उतरलं. मी मनात म्हटलं, उतरलं नाही हो आजोबा.

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं तर मुलगा म्हणाला, पण त्यांनी पूर्वेकडे जाऊन का नाही बघितलं? दोन्ही वेळा ते पश्चिमेकडेच जातात आणि दोन्ही वेळा चुकीच्या सालात पडतात, तर तिसऱ्यांदा उलटं फिरा की, वारा तरी खरा मागून लागेल. नवरा म्हणाला १९७१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी खरंच अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून जगाला चक्कर मारली होती, घड्याळाचं तिकीट मिस्टर क्लॉक या नावाने काढलं होतं, आणि पूर्वेकडे गेलेली घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, तेव्हा दिशेने फरक पडतो हे सिद्ध झालंय. मुलगा म्हणाला बघ, मी काय म्हणतोय! नवरा म्हणाला अरे पण पूर्वेला वळले तर पुढे नुसता समुद्र, फ्युएल संपलं तर कुठे उतरणार. मी म्हटलं म्हणूनच आधी १९३९ मध्ये उतरायचं, आइन्स्टाइनला गाठायचं, विमान कुठेतरी मोकळ्या मैदानात झाकून ठेवायचं आणि सावकाश विचार करायचा. तर दोघंही म्हणाले, सव्वाशे टनांचं विमान कुठे झाकणार आहेस, आणि एकदा उतरलं की ते परत उडणार कुठून, तेवढा लांब रनवे तेव्हा होता कुठे. टाकीत नक्की किती फ्युएल उरलंय ते अख्ख्या भागात कोणी आकड्यात सांगितलेलं मला तरी आठवत नाही. मुलगा म्हणतो पुन्हा एकदा लाव, मी फक्त काटे बघतो.